नट, नटणे, नटवी : बालगंधर्वांचे लुगडे आणि मराठी स्त्रीची हौस

मराठीत अंगावर चांगले कपडे घालून सजण्याला ‘नटणे’ म्हणतात, आणि रंगमंचावर सोंग घेऊन उभा राहतो त्याला ‘नट’ म्हणतात. एकाच मुळापासून निघालेल्या या दोन शब्दांचे आपल्या भाषेतील नशीब मात्र फार वेगळे आहे. नटाला निदान गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत प्रतिष्ठा लाभली. नटणारी बाई मात्र ‘नटवी’ ठरली. ‘नट्टापट्टा’, ‘नखरा’, ‘थेर’, ‘टूम’ हे शब्दही पाहावेत. स्त्रीने आपल्या आवडीने वस्त्र निवडावे, ते मिरवावे आणि काळाबरोबर बदलावे, या साध्या गोष्टीसाठी निंदेचा स्पर्श नसलेला शब्द आपल्याकडे शोधावाच लागतो. ‘शृंगार’ आहे, पण तो कुणासाठी तरी केलेला असतो. ‘फॅशन’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण ‘फॅशन करते’ असे म्हणताना त्यात आपला जुना तिरकस सूर मिसळला.

असे असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रीच्या वेषभूषेत मोठे बदल झाले, आणि त्यांतील काहींचा आदर्श एक नट होता. बालगंधर्व म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) रंगमंचावर जसे लुगडे नेसत, जसा पदर घेत, अंबाड्यावर जसे गजरे माळत, तसे प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या, हे नाट्येतिहासात वारंवार सांगितले गेले आहे. बहुधा ते कौतुकाने सांगितले जाते आणि तिथेच थांबते. पुरुष असून बायकांना नेसायला शिकवले, एवढाच त्यातला चमत्कार! आमच्या मते प्रश्न तिथे संपत नाही, तिथे तो सुरू होतो. घरंदाज स्त्रीला नटण्यासाठी समोर एक पुरुषच का असावा लागला? आणि त्याच्याकडे पाहून नटणाऱ्या स्त्रिया नेमके काय करीत होत्या?

१

त्याआधी कपड्यांची व्यवस्था काय होती, हे पाहायला हवे. लुगडे ही रोजची वस्तू होती, तशीच ती संपत्तीही होती. रोजच्या नेसणीची लुगडी वेगळी आणि ‘ठेवणीतली’ वेगळी. ठेवणीतले लुगडे ट्रंकेत घडी करून ठेवायचे, लग्नामुंजीला काढायचे, पुन्हा ठेवायचे आणि पुढे सुनेला किंवा लेकीला द्यायचे. पैठणी हे तिचे सर्वांत मानाचे रूप. शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेची लोकप्रियता याच ठेवणीच्या संस्कृतीवर उभी आहे. अशा व्यवस्थेत वस्त्राचे मोल टिकण्यात असते. फॅशनमध्ये ते बदलण्यात असते. म्हणून फॅशन येते तेव्हा तिच्याबरोबर काळाची एक नवीन कल्पनाही घरात येते. आजीचे ते नातीला चालत नाही, एवढेच नव्हे, तर गेल्या वर्षीचे यंदा चालत नाही. या व्यवस्थेत जुने झालेले कापडही वाया जात नसे. ते दारावर येणाऱ्या बोहारणीच्या बोचक्यात जाई आणि त्याच्या बदल्यात घरात एखादे भांडे येई.

शिवाय कापड बहुधा पुरुष आणीत. दिवाळीची किंवा लग्नाची खरेदी घरातला कर्ता करी. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसून घड्या उलगडायला लावण्याचा मान त्याचा होता. स्त्रीच्या आवडीला जागा नव्हती असे नाही. अंजिरी, डाळिंबी, मोरपिशी, आमसुली, चिंतामणी, अबोली आणि काळी चंद्रकळा ही रंगांची नामावळी बायकांच्या नजरेशिवाय घडली नसती. येवल्याचे काय, इरकली काय, महेश्वरी काय, काठावरून आणि पदरावरून ओळखण्याची विद्या त्यांच्याकडे होती. पण ती विद्या घराच्या आत होती. निवडीचा अंतिम अधिकार, पैसा आणि बाजार हे तिन्ही बाहेर होते.

जी स्त्री हा उंबरठा स्वतःच्या अंगाने ओलांडू पाही, तिचे काय होई, याच्या नोंदी आहेत. पायांत जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने चालल्याबद्दल काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी यांच्यावर दगड फेकले गेल्याची हकीकत स्त्रीसाहित्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. जोडे आणि छत्री! त्यात नखरा शोधूनही सापडणार नाही. पण ते पुरुषाचे साहित्य होते आणि ते घेऊन चालणारी बाई दिसत होती. दिसणे हाच गुन्हा होता. रंगभूमीनेही त्या काळी सुधारलेल्या स्त्रीची टवाळीच आरंभली होती. नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ (१८८६) हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

मग सुंदर दिसण्याचे नमुने स्त्रीपुढे कोणते होते? एक देवीचा. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांतील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर लागल्या. त्यांच्या अंगावर काठापदराची लुगडी-साड्या होत्या आणि त्या सुंदर होत्या. पण देवीची पूजा करता येते, तिची नक्कल कशी करणार? दुसरा नमुना कलावंतिणीचा आणि तमाशातील नर्तकीचा. नेसण्याचे, चालण्याचे, पदर सावरण्याचे कसब तिच्याइतके कुणाकडेच नव्हते. पण तिच्यासारखे दिसणे म्हणजे घरंदाजपणावर पाणी सोडणे. स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या, पण त्यांच्याकडे पाहण्याची नजर तीच होती. देवी फार उंचावर आणि कलावंतीण निषिद्ध. घरंदाज स्त्रीच्या समोर, तिच्याच वर्गातली वाटेल अशी, दिसणारी आणि दिसली तरी बदनाम न होणारी स्त्री एकही नव्हती. ही रिकामी जागा एका पुरुषाने भरून काढली.

२

नारायण राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. भाऊराव कोल्हटकरांपासून स्त्रीभूमिकेची परंपरा या मंडळीत होतीच. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले आणि त्यातील भामिनीने बालगंधर्वांचे नाव सर्वतोमुखी केले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. या काळात रंगमंचावर भरजरी शालू, पैठण्या, दागिने आणि अत्तरे यांवर त्यांनी जो खर्च केला, तो मराठी नाट्यव्यवसायात दंतकथेसारखा झाला. मंडळी कर्जात बुडाली, तरी हा सोस सुटला नाही.

येथे ‘मानापमान’च्या संहितेकडे वळले पाहिजे, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात एक मोठी गंमत दिसेल. नाटकाचा उपदेश साधेपणाचा आहे. श्रीमंत बापाची लेक भामिनी गरीब पण पराक्रमी सेनापती धैर्यधराचा अपमान करते. त्याच्या विरुद्ध बाजूला उभा असलेला लक्ष्मीधर दागिन्यांनी मढलेला आणि भित्रा आहे. पुढे भामिनी ‘वनमाला’ या नावाने साध्या वेषात वावरते आणि शौर्यापुढे संपत्ती फिकी असल्याचे तिला उमगते. खाडिलकर हे टिळकांचे अनुयायी. या रूपकाचा राजकीय रोख तेव्हाच्या प्रेक्षकाला न कळण्यासारखा नव्हता. संहिता म्हणत होती की दागिन्यांत काही नाही. प्रयोग मात्र दुसरेच सांगत होता. स्त्रियांसाठी राखलेल्या जागांवर बसलेल्या प्रेक्षकवर्गाने तो दुसरा अर्थ घरी नेला. नाटककाराने ज्याचा अव्हेर केला, तेच प्रेक्षकाने उचलले. प्रयोग संहितेच्या विरुद्ध जाऊ शकतो हे आपण नाट्यसमीक्षेत शिकवतो. त्याचे इतके निखळ उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

अनुकरण शक्य झाले ते भामिनीच्या देहाची जात वेगळी होती म्हणून. समोर दिसणारी स्त्री कुलीन होती, लाजरी होती, मोहक होती, पण ती कुणाची बायको नव्हती आणि कुणाची रखेलीही नव्हती. नाटक संपले की ती नाहीशी होई आणि उरे एक सभ्य, टिळकांनी लहानपणी ‘बालगंधर्व’ म्हणून गौरवलेला गृहस्थ. तिच्याकडे टक लावून पाहिले तरी कुणाची अब्रू जात नव्हती. तिची नक्कल केली तरी कलावंतिणीची नक्कल केल्याचा दोष लागत नव्हता. घरातला पुरुष तिच्यावर लुब्ध झालेला असे, तेव्हा बायकोने तसेच नेसले तर तो तक्रार कशी करणार? नटाच्या आडून नटण्याला परवानगी मिळाली ती अशी. मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर ‘सौभाग्य सुंदरी’तील भूमिकेमुळे ‘सुंदरी’ हे नावच मिळालेले जयशंकर भोजक यांच्याबद्दलही हेच सांगितले जाते. म्हणजे ही केवळ एका अलौकिक नटाची किमया नव्हे. ती त्या समाजरचनेची गरज होती.

रंगमंच सोडून ही प्रतिमा छापील जगातही पसरत होती. बालगंधर्वांची स्त्रीवेषातील छायाचित्रे घरोघरी गेली. १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि सचित्र मासिकांतून नव्या वळणाची स्त्री दिसू लागली. म. वि. धुरंधरांच्या चित्रांतील स्त्रियांचे काठ, पदर आणि नेसण्याच्या तऱ्हा आजही वेषभूषेच्या अभ्यासकाला दस्तऐवजासारख्या वापरता येतात. आता नमुना एका रात्रीच्या प्रयोगापुरता उरला नव्हता. तो पुन्हा पुन्हा पाहता येत होता, शेजारणीला दाखवता येत होता, दुकानात त्याच्यासारखे मागता येत होते. फॅशनला लागणारे हे सारे साहित्य मराठीत प्रथमच एकत्र आले.

या अनुकरणाकडे भाबडेपणा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला आहे. आम्हाला ते वाचन वाटते. त्या काळातील नाट्यसमीक्षा पुरुषांनी लिहिली, आठवणीही बहुतांश पुरुषांनी लिहिल्या. त्यांत गाण्याच्या जागा आहेत, ताना आहेत, मुद्राभिनय आहे. प्रेक्षागृहातील स्त्रियांनी मात्र फारसे लिहून ठेवले नाही. त्यांनी काय पाहिले, काय निवडले आणि काय नाकारले याची नोंद कागदावर सापडत नाही. ती त्यांच्या पदराच्या घडीत होती. सगळेच त्यांनी घेतले नसणार. रंगमंचावरचा शालू स्वयंपाकघरात चालत नाही. कुणी पदर घेतला, कुणी गजरा, कुणी पोलक्याची बाही. निवड आली की रसिकता आली, आणि रसिकता आली की ‘मला हे हवे’ असे म्हणणारी व्यक्ती आली.

पण या परवानगीची किंमतही होती, ती लपवता कामा नये. बालगंधर्वांनी उभी केलेली स्त्री ही अखेर पुरुषाने पाहिलेली, पुरुषाने रचलेली स्त्री होती. तिचे लाजणे, मुरकणे, मान खाली घालणे हे सारे पुरुषाच्या मनातील कुलीनतेचे चित्र होते. स्त्रीने स्त्री कसे असावे हे पुरुषाकडून शिकावे, यातील उपरोध साधा नाही. १९१९ मध्ये आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधू याच नटाने साकारली. तिथे शालू नव्हते. दारिद्र्य होते, जाते होते आणि नवऱ्याच्या पायाशी वाहिलेले पातिव्रत्य होते. भामिनीचा पदर आणि सिंधूचा सोशिकपणा एकाच देहातून एकाच प्रेक्षकवर्गाकडे येत होता. एक घ्यायचा आणि दुसरा सोडायचा, हे सोपे नव्हते.

३

१९२१ च्या जुलै महिन्यात मुंबईत दोन घटना घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. प्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३१ जुलै १९२१ रोजी, गांधीजींच्या उपस्थितीत परळ भागातील एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची होळी झाली. पुण्याने असा वणवा १९०५ मध्येच पाहिला होता. मुंबईतील हा त्याहून कितीतरी मोठा होता.

म्हणजे एका महिन्यात एकाच शहराने स्वराज्यासाठी भरजरी वस्त्र पाहायला पैसे मोजले आणि स्वराज्यासाठीच तलम वस्त्र आगीत टाकले. दोन्ही ठिकाणी कापड हेच साधन होते. पहिल्या ठिकाणी स्त्रीची हौस राष्ट्राच्या कामी आली, दुसऱ्या ठिकाणी तीच हौस राष्ट्राने मागून घेतली. ठेवणीतले एखादे तलम लुगडे त्या ढिगाऱ्यावर टाकणाऱ्या स्त्रीच्या मनात काय आले असेल? नऊ वार खादी ही त्या काळी जाड, जड आणि लवकर न वाळणारी गोष्ट होती. त्याग हा शब्द आपण सहज वापरतो. इथे तो रोज सकाळी नेसावा लागत होता.

तरीही खादीने हौस संपवली नाही; तिने हौसेची दिशा बदलली. १९३० च्या कायदेभंगात मुंबईच्या देशसेविका केशरी साड्या नेसून परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधन करीत उभ्या राहिल्या. ज्या दुकानाच्या गादीपर्यंत त्या पूर्वी पुरुषाच्या मागून येत, त्याच दुकानाच्या दारात त्या आता गिऱ्हाइकाला अडवत होत्या. वेष एक, रंग एक, आणि तो लोकांनी पाहावा हाच हेतू. त्याच वर्षी, १२ डिसेंबर १९३० रोजी, परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार मुंबईत काळबादेवी भागात चिरडला गेला. कापड निवडणे हा किरकोळ विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव आठवावे.

४

ही झाली ज्यांना नटण्याची मुभा मागायची होती त्यांची गोष्ट. पण ज्यांना तेवढेही मागता येत नव्हते, त्यांचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

बालगंधर्वांच्या प्रेक्षागृहात गजरे माळलेल्या सुवासिनी होत्या. त्याच घरांतील विधवा कुठे होत्या? डोक्यावरचे केस काढलेले, अंगावर आलवण आणि माजघराचा कोपरा. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूचे केशवपन मराठी वाचकाच्या मनावर ओरखडा उमटवून गेले, ते १८९० च्या दशकात. पण पुढची कित्येक वर्षे ते दृश्य घराघरांत घडतच होते. वस्त्र हा इथे शिक्षेचा भाग होता. आलवण नेसणारीला टूम ठाऊक नव्हती, कारण तिच्या कपड्यांतून काळच काढून घेतला होता. तिचे वस्त्र मरेपर्यंत बदलणार नव्हते.

जातीने नेमलेला वेष हाही असाच. अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रीने लुगडे कसे नेसावे, ते किती वर असावे, कोणते दागिने घालावेत, याचे संकेत गावाने ठरवलेले होते. तिच्याकडे पाहताच तिची जात कळली पाहिजे, हा त्यामागचा हेतू. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृतीचे दहन झाले त्याच परिषदेच्या निमित्ताने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांशी वेगळे भाषण केले. जात दाखवणारी नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यात-हातात ढिगाने घातलेले चांदी-कथलाचे जुने दागिने सोडा, स्वच्छ आणि नीटनेटके राहा, असे त्यांनी सांगितले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाच्या वाचकांना ही हकीकत परिचित आहे : भाषण ऐकलेल्या स्त्रियांनी लगोलग आपले नेसणे बदलले.

पुण्या-मुंबईच्या प्रेक्षागृहातील अनुकरण आणि महाडचे हे नेसणे वरवर सारखे दिसते. दोन्हीकडे एका स्त्रीने दुसरीसारखे लुगडे नेसले. पण पहिल्या ठिकाणी धोका फार तर ‘नटवी’ म्हणवून घेण्याचा होता. दुसऱ्या ठिकाणी परतल्यावर गावाशी गाठ होती. घोट्यापर्यंत आलेला लुगड्याचा काठ हा तिथे हौसेचा नव्हे, हक्काचा विषय होता. आणि म्हणूनच आम्हाला वाटते की फॅशनला उथळ म्हणून बाजूला सारणारा टीकाकार नकळत त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहतो, ज्याला प्रत्येकीने आपापल्या नेमल्या वेषात राहावे असे वाटते. दुसऱ्यासारखे दिसता येणे हे समतेचे पहिले पाऊल असू शकते. ज्याला ते जन्मतः मिळालेले आहे, त्यालाच ते क्षुल्लक वाटते.

५

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आले. त्यात स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक या स्त्रियांनी केल्या. त्याच्या आदल्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या होत्या. १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर आले ते संत एकनाथ म्हणून, पुरुषवेषात. एक पर्व संपले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि गहजब झाला. ‘मानापमान’पासून इथवर अवघी सत्तावीस वर्षे. आता दिसणारी स्त्री स्त्रीच होती आणि बदनामीही तिला स्वतःलाच सोसायची होती. पुरुषाच्या देहाची ढाल उरली नव्हती.

याच काळात शब्दही बदलले. लुगड्याचे पातळ झाले, पातळाची साडी झाली. चोळीचे पोलके झाले आणि पोलक्याचा ब्लाऊज. नऊ वारांचे पाच वार झाले, तेव्हा कासोटा सुटला. विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ चे. त्यातील शिकलेली, नोकरी करणारी तरुणी ही नवी व्यक्ती होती. तिच्या हातात स्वतःचा पगार होता, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेले पहिले पातळ ही मराठी स्त्रीच्या इतिहासातील एक नोंदवण्याजोगी घटना आहे, जरी तिची तारीख कुठे लिहिलेली नसली तरी. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघू लागलेले ‘स्त्री’ मासिक अशाच वाचकवर्गाचे होते. ‘नटणे’ आणि ‘निवडणे’ या दोन क्रियापदांमधले अंतर आता कमी होऊ लागले होते.

अनुकरण मात्र थांबले नाही. नमुने बदलत राहिले. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधील माधुरी दीक्षितची जांभळी साडी दुकानांतून मागितली गेली. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३) या मालिकेतील जान्हवीचे मंगळसूत्र बाजारात तिच्याच नावाने विकले गेले. यावर हसण्याआधी भामिनीचा पदर आठवावा. फरक आहे तो वेगाचा आणि मालकीचा. भामिनीची टूम घरोघरी पोचायला प्रयोगांचे दौरे लागत, आणि ती पोचल्यावर प्रत्येक घरात तिचे थोडे वेगळे रूप होई, कारण ती तिथल्या हातांनी, तिथल्या ट्रंकेतल्या लुगड्यावर उतरवलेली असे. आजची टूम तयारच येते. ती अंगावर उतरवायची नसते, फक्त विकत घ्यायची असते. वाचनाला लागणारी ती मधली जागा, जिथे प्रेक्षक स्त्री स्वतःचे काही घालीत असे, अरुंद झाली आहे. नाहीशी झाली असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

आणि नऊवारी? जी रोजची होती ती आता लग्नाच्या विधीपुरती, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेपुरती उरली. ती शिवून तयार मिळते, विजारीसारखी चढवता येते आणि घरी आल्यावर उतरवून ठेवता येते. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांनी नेसलेल्या शालूंसाठी नीता लुल्ला यांना वेषभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते लुगडे आता पुरस्कार देण्याजोगे, म्हणजे इतिहासजमा झाले आहे. एकेकाळी रंगमंचावरच्या नटाकडे पाहून स्त्रियांनी आपले रोजचे लुगडे नेसले. आज तेच लुगडे त्या एखाद्या दिवसासाठी, फोटोसाठी, नाटकातल्या पोशाखासारखे नेसतात. शब्द मात्र तोच राहिला आहे, ‘नटणे’. त्याला जोडून येणारे ‘नटवी’ हे विशेषण पूर्वीइतक्या सहजपणे कुणी उच्चारत नाही. हा बदल कुणा एका सुधारकाने केलेला नाही. तो पदराच्या घडीघडीतून झाला, आणि त्यातल्या बहुतेक जणींची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत.